जुनीच वही, नवे पेटंट



सरकारच्या ‘कस्तुरी कॉटन भारत’ योजनेत कापसाच्या गाठीचा माग ब्लॉकचेनवर ठेवतात. ब्लॉकचेन म्हणजे अशी वही, जिच्या प्रत्येक पानावर मागच्या पानाची खूण असते. एक पान खोडले की पुढची सगळी चुगली करतात. (तलाठ्याच्या दप्तरात ही सोय असती तर फेरफाराचे निम्मे तंटे उभेच राहिले नसते.) हेबर आणि स्टॉर्नेटा यांनी ही युक्ती १९९१ सालीच छापून टाकली आहे.

आता त्याच वहीत कापूस नाहीतर गोदामाची पावती लिहायची आणि ‘आमचा शोध’ म्हणून पेटंट मागायचे! अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१४ साली ॲलिस विरुद्ध सीएलएस बँक खटल्यात असला दावा फेटाळला. दोघांच्या सौद्यात तिसऱ्याने हमी घ्यायची, एवढाच तो शोध. आमचा अडत्या दुसरे काय करतो? कॉम्प्युटरवर चढवल्याने ते नवे होत नाही.

आपल्या कायद्याचे कलम ३(के) व्यवहाराची पद्धत आणि नुसता प्रोग्राम पेटंटबाहेर ठेवते. म्हणून वकील अर्जात ‘तांत्रिक परिणाम’ पेरतात. तपासनिसाने ते तण उपटून खाली पाहावे. वहीच खरोखर सुधारली असेल तर पेटंट खुशाल द्या. शोधकाच्या कमाईवर आमचा डोळा नाही. नसेल, तर परवान्याचा पैसा जिनिंगवाला आमच्या भावातूनच कापणार.

कलम २५(१) प्रमाणे पेटंट मिळण्याआधी कोणीही हरकत घेऊ शकतो. २०२४ च्या नियमांनी तिलाही फी लावली. ती आधी रद्द करा.