महाडला पाणी प्यालो, आता पैनगंगेत नाव घालू



ढाणकीच्या तरुणांनी चार दिवस नावेतून पैनगंगा उतरावी, असं मी म्हटलं की लगेच प्रश्न येतो : पोरांना नोकऱ्या नाहीत आणि हे पैसेवाल्यांचे चोचले कशाला? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देतो.

20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तळं सर्वांना खुलं असल्याचा महाड नगरपालिकेचा ठराव त्याआधीच झाला होता. हक्क कागदावर होता, पण तो बजावायला हजारो माणसांना तळ्यापर्यंत चालत जावं लागलं. त्यानंतरही 1937 पर्यंत कोर्टात लढाई चालली. न वापरलेला हक्क मेल्यात जमा असतो, हा महाडचा धडा आहे.

बाबासाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी देशाच्या नद्यांचा विचार केला. 1945 साली केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग उभा राहिला. त्या नावातला 'नौकानयन' शब्द नीट वाचा. त्याच वर्षी नोव्हेंबरात कटकच्या परिषदेत त्यांनी मांडलं की पाणी हे संकट नाही, संपत्ती आहे; सिंचन, वीज आणि जलवाहतूक या तिन्हींसाठी ते वापरा. आपण मात्र त्यांचं जलधोरण जयंतीच्या भाषणापुरतं ठेवलं.

आता आपली नदी बघा. पैनगंगा एकेकाळी वऱ्हाड आणि निजामाच्या राज्याची सरहद्द होती. आज तिच्या एका काठावर यवतमाळ, दुसऱ्यावर नांदेड. पावसाळ्यात ती बंदी भागाची वाट अडवते, उन्हाळ्यात तिच्या पात्रात इसापूरचं पाणी सोडा म्हणून निवेदनं द्यावी लागतात. खाली निम्न पैनगंगा धरणाविरुद्ध बुडीत गावं वर्षानुवर्षे लढताहेत. बाबासाहेब धरणांच्या बाजूचे होते, हे खरं. पण पाणी ही लोकांची संपत्ती असेल, तर गाव बुडवण्याचा निर्णय गावाला वगळून कसा होतो? हा प्रश्न विचारायचा तर आधी ती गावं पाहिली पाहिजेत. आपल्यापैकी किती जणांनी पाहिलीत?

म्हणून नाव. रस्त्यावरून नदी फक्त पुलावर भेटते. नावेतून गावामागून गाव भेटतं. कुठे उपसा चाललाय, कुठे वाळू गेली, कोणत्या वस्तीला अजून घाट नाही, हे दिसतं. रोज संध्याकाळी एका गावात मुक्काम करा, ऐका, लिहून घ्या.

पण हिरोगिरी नको. पूर ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघा. सहस्रकुंडाच्या धबधब्याजवळ पाण्यात उतरू नका. त्याच्या बरंच खालून, माहूरच्या दिशेने जा. अभयारण्यात वनविभागाची परवानगी घ्या, इसापूरचं पाणी सुटणार का याची चौकशी करा. पोहता येणाऱ्यालाच नावेत घ्या आणि त्यालाही जॅकेट घालायला लावा. वाट दाखवायला काठचे भोई बांधव घ्या. नदीचं ज्ञान त्यांच्याकडे आहे. त्यांना गुरू म्हणा आणि दिवसाची पूर्ण मजुरी द्या.

आणि मुलींशिवाय नाव सोडू नका. महाडला बायाही होत्या.

नोकरीचा लढा थांबवा असं कोण म्हणतंय? पण ज्याला आपली नदी माहीत नाही, त्याच्या नावाने तिचा निर्णय दुसरेच घेतात. यंदा धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर पोहणं शिकलेली दहा पोरं-पोरी तयार करा. नाव मिळेल.

जय भीम!