फडावरची बाळं आणि सुटलेले डोस

दसऱ्याच्या सुमारास बीड जिल्ह्यात जन्मलेल्या बाळाचा हिशेब मांडून पाहा. पेंटाव्हॅलंट लशीचे तीन डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. नेमके तेव्हाच आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात गेलेले. बाळाचे नाव गावातल्या आशाताईच्या वहीत, बाळ मात्र साखर कारखान्याच्या तळावरच्या कोपीत.

लस फुकट आहे. दवाखान्यात गेलेला दिवस फुकट नाही. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. त्यात टोचल्यावर बाळाला ताप येतो, ते रात्रभर रडते आणि पहाटे फडावर जावेच लागते. हा ताप एक-दोन दिवसांत उतरतो, हे आईला आधी कुणी सांगितलेलेच नसते. मग ‘लोक अडाणी’ हा शेरा तयारच असतो!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १२ ते २३ महिन्यांच्या सुमारे ७६ टक्के मुलांचेच लसीकरण पूर्ण आढळले. गोवर थोपवायला ९५ टक्के लागतात. २०२२च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावातल्या गोवराच्या साथीत ही तूट मुलांच्या जिवावर बेतली.

फडावरची तूट भरून काढायला एक वाट आहे. साखर आयुक्तालय दर हंगामात कारखान्यांना गाळप परवाना देते. तो देतानाच तळावरच्या पाच वर्षांखालील मुलांची यादी आणि लसीकरण सत्रांच्या तारखा मागाव्यात. सत्रे मात्र संध्याकाळी ठेवावीत, मजूर फडावरून परतल्यावर.