गुडघ्याची वाटी आणि परीक्षेची तारीख

म्हैसूरला एनसीसीच्या पोस्टिंगवर आल्यापासून मला शस्त्रांपेक्षा गुडघ्यांबद्दलच जास्त विचारलं जातं. पहाटे चामुंडी टेकडीच्या हजारेक पायऱ्या पळत चढणारी पोरं इथे रोज दिसतात. त्यातल्या एखाद्याची गुडघ्याची वाटी सरकते आणि पालक येतात : "साहेब, ऑपरेशन करून टाकू का? पुढच्या वर्षी एनडीएची परीक्षा आहे."

माझं मत स्पष्ट आहे. ऑपरेशनची वेळ गुडघ्याने ठरवावी, परीक्षेने नाही.

मी डॉक्टर नाही, पण आमच्या एका हवालदाराच्या चौदा वर्षांच्या मुलीच्या निमित्ताने हा विषय सर्जनकडून नीट समजून घेतला. पाय जमिनीवर रोवलेला असताना मांडी आत वळली की वाटी बाहेरच्या बाजूला निसटते. तिला आतून धरून ठेवणारं एक लिगामेंट असतं, एमपीएफएल. गुडघा वाकायला लागतो त्या पहिल्या 20-30 अंशांत मुख्य भार त्याच्यावर. पुढे वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत बसते. पण काहींची ही खाच जन्मतःच उथळ असते, काहींची वाटी जरा वर असते. अशांची वाटी पुन्हा पुन्हा निसटते, आणि वय जितकं लहान तितका हा धोका जास्त.

वाटी पहिल्यांदा सरकली तर बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही. थोडे दिवस आधार, मग मांडीच्या आणि नितंबाच्या स्नायूंचा चिकाटीने व्यायाम. मात्र एमआरआयमध्ये कूर्चेचा किंवा हाडाचा तुकडा सुटलेला दिसला तर थांबून चालत नाही. वाटी वारंवार निसटत असेल तर मांडीमागच्या स्नायूची दोरी घेऊन नवं लिगामेंट बनवतात. वाढत्या वयात ग्रोथ प्लेटला धक्का लागू नये म्हणून एक्स-रेखाली जागा बघून छिद्र पाडतात. नडगीचं हाड कापून वाटीची दिशा सुधारण्याची शस्त्रक्रिया तर वाढ पूर्ण होईपर्यंत टाळतात.

त्या मुलीची वाटी तीनदा निसटली होती. एका ठिकाणी तिच्या वडिलांना सांगितलं गेलं, "तीन महिन्यांत मुलगी ग्राउंडवर." हे ऐकून मला राग आला. अशा ऑपरेशननंतर खेळात परतायला साधारण सहा ते नऊ महिने लागतात, तेही स्नायूंची ताकद दुसऱ्या पायाच्या जवळपास आल्यावर. दुसऱ्या सर्जनने तिचंही ऑपरेशनच सुचवलं, पण घाईचं आश्वासन दिलं नाही. तेच झालं. आता ती रोज फिजिओथेरपी करते.

पालकांची घाई मला कळते. एनडीएसाठी वयाची खिडकी साडेसोळा ते साडेएकोणीस, म्हणजे जेमतेम तीन वर्षं. 2022 पासून मुलींनाही दार उघडलं. 30 मे 2025 ला पहिल्या सतरा जणी खेत्रपाल मैदानावरून संचलन करत बाहेर पडल्या, तेव्हा कितीतरी घरांत नवी स्वप्नं रुजली. पण ऑपरेशन म्हणजे फिटनेसचं सर्टिफिकेट नव्हे. तो गुडघा चालेल की नाही हे मेडिकल बोर्ड ठरवेल. आणि एनडीए हुकली तरी पदवीनंतर सीडीएस आहेच.

काही जण त्याहून वाईट सल्ला देतात : "सांगूच नका, व्रण दिसला तर पडलो म्हणा." मी खडकवासल्याला तीन वर्षं काढली आहेत. पाठीवर वजन घेऊन क्रॉसकंट्री, ऑब्स्टॅकल कोर्स, उंचावरून उड्या. तिथे लपवलेला गुडघा फार काळ लपत नाही. तो तुटतो तेव्हा कॅडेटचं करिअर जातं, आणि वारंवार निसटणारी वाटी कूर्चा खात राहिली तर चाळिशीत जिना चढणंही अवघड होतं. शिवाय गस्तीवर एकाचा पाय गेला की चौघांना त्याला उचलावं लागतं. ज्या नोकरीत शेजाऱ्याच्या शब्दावर जीव टाकायचा, तिची सुरुवात खोट्याने कशी करायची?

माझ्या माजी सैनिक मित्रांना विनंती. गावातली पोरं भरतीच्या तयारीला तुमच्याकडे येतात. ज्याची वाटी एकदा तरी सरकली आहे त्याला आणखी चार राउंड मारायला लावू नका, की घरी बसवूही नका. चांगल्या सर्जनकडे पाठवा, आणि सांगा की वर्दी नाही मिळाली तरी हेच गुडघे आयुष्यभर वापरायचे आहेत.

जय हिंद.