एकट्या सायकलीची सोबत

पुण्याची वेदांगी कुलकर्णी ही अवघ्या वीस वर्षांची तरुणी जुलै २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थहून सायकलवर निघाली आणि सुमारे २९,००० किलोमीटर अंतर तोडून २३ डिसेंबरच्या पहाटे कोलकात्यात पोहोचली. चौदा देश आणि १५९ दिवस! ही वार्ता ज्यांनी वाचली, त्यांच्या मनात कौतुकापाठोपाठ एक प्रश्न खचित उमटला असेल : ‘एकटी?’ ज्या घरात मुलगी आहे, तेथे तर तो कौतुकाच्याही आधी उमटतो.

हा प्रश्न निराधार नाही. कॅनडात अस्वल तिच्या पाठीस लागले, स्पेनमध्ये सुऱ्याचा धाक दाखवून तिला लुटण्यात आले, रशियात बर्फात तंबू ठोकून तिने एकटीने रात्री काढल्या. व्हिसाच्या दिरंगाईने दिवस वाया गेले ते निराळेच. तरीही ती थांबली नाही. इतकेच नव्हे, तर २०२४ मध्ये तिने पृथ्वीप्रदक्षिणेसाठी पुन्हा सायकल बाहेर काढली. अशा जिद्दीपुढे आपण नतमस्तक होतो आणि तेथेच थांबतो. पण एकट्याच्या प्रवासास दुसरीही एक बाजू असते.

मोटारीने जाणारा माणूस आपले घरच जणू बरोबर घेऊन जातो. सायकलस्वाराचे तसे नसते. पाणी, शिधा, रात्रीचा निवारा या गोष्टी त्याला रोज नव्या गावात, नव्या माणसांकडे शोधाव्या लागतात. त्यातून आरा तुटला, टायर फाटला किंवा अंगात ताप भरला, की कुणाचे तरी दार ठोठावण्यावाचून गत्यंतर नसते. संकट त्याला माणसांपासून तोडीत नाही. उलट माणसांच्या उंबरठ्यावर आणून सोडते. एकट्याने निघणाऱ्याचे खरे धाडस पायांत असते, त्याहून अधिक अनोळखी माणसावर टाकलेल्या विश्वासात असते.

आमच्या सुरतेला अशा प्रवाशांची ओळख फार जुनी आहे. टॉमस कोरियट हा विक्षिप्त इंग्रज आलेप्पोहून पायी निघून १६१५ मध्ये अजमेरला जहांगिराच्या दरबारी पोहोचला. कधी काफिल्याची सोबत, कधी तीही नाही. वाटेत दियारबेकिर येथे एका तुर्की स्वाराने त्याचे बहुतेक पैसे लुबाडले. तरीही एवढ्या वाटेवर आपले जेमतेम तीन पौंड खर्च झाले आणि रोज बऱ्यापैकी जेवण मिळाले, असे त्याने घरी कळविले. स्वस्ताई होती हे खरे. पण परक्या मुलखातील माणसांनी त्याला सांभाळून घेतले नसते, तर नुसती स्वस्ताई काय कामाची?

पुढे मांडूहून तो सुरतेस आला, तो पोटाच्या विकाराने खंगलेला. येथील वखारीतील देशबांधवांनी मोठ्या प्रेमाने त्याच्यापुढे विलायती मद्य ठेवले. बऱ्याच दिवसांनी मायदेशाची चव लाभली म्हणून त्याने ते घेतले, दुखणे बळावले आणि डिसेंबर १६१७ मध्ये येथेच त्याचा अंत झाला. यजमानांच्या मनात माया होती, केवळ विचारपूस राहून गेली. पाहुण्याला काय द्यावे हे आपल्या हौसेने ठरवायचे नसते, त्याच्या गरजेने ठरवायचे असते.

हे शहाणपण शिकण्यास दूर जावयास नको. सुरतेच्या उत्तरेस नर्मदेच्या काठी परिक्रमावासींचा राबता असतो. त्यांत मराठी माणसे पुष्कळ आणि आताशा सायकलवरून जाणारेही दिसतात. ‘नर्मदे हर’ अशी हाक येताच काठावरची घरे जात-गाव न विचारता सदावर्त देतात. ज्याला शिजवून घ्यायचे असेल त्याला कोरडा शिधा, जो थकला असेल त्याला तयार भाकर. पूर्वी शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासी लुटले जात. तरी परिक्रमा थांबली नाही आणि काठावरचे अन्नदानही थांबले नाही.

आपण परमुलखात स्थिरावलेली माणसे आहोत. आपल्या घराण्यातला जो कुणी प्रथम या शहरात उतरला असेल, त्यालाही कुणा अनोळखी गुजराती शेजाऱ्याने रस्ता दाखविला असेल, खोली मिळवून दिली असेल. आज आपल्या दारांना दुहेरी कड्या आहेत आणि काळ पाहता त्या असू नयेत, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु कामरेज-कडोदऱ्यावरून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. त्यावर ओझे लादलेली एखादी सायकल थांबलेली दिसली, तर गाडी क्षणभर बाजूस घेणे आपल्या हाती आहे. पंक्चर काढणारा कुठे बसतो, पिण्याचे पाणी कुठे मिळेल, सायकल आत ठेवू देणारी धर्मशाळा कोणती, एवढे सांगितले तरी पुष्कळ होते. आणि ती सायकल एखाद्या मुलीची असेल, तर घरातील गृहिणीनेच पुढे होऊन ‘बेटा, काय हवे?’ असे विचारावे.

आपल्या मुलींना एकटे जाऊ द्यावे की नाही, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या घरी शोधावे. दुसऱ्याची मुलगी आपल्या गावातून जाताना सुखरूप राहावी, ही जबाबदारी मात्र आपल्या सर्वांची आहे.