स्टेशनजवळ गाळा घेताय? आधी वाट बघा!

स्टेशनजवळ गाळा घेतला की गिऱ्हाईक आपोआप येतं, हे मला पटत नाही. गिऱ्हाईक स्टेशनचं नसतं, वाटेचं असतं. नवा पादचारी पूल झाला किंवा पे अँड पार्क दुसऱ्या बाजूला गेलं, की वाट बदलते. भाडं मात्र तेवढंच राहतं. 2024 च्या मे अखेरीस ठाण्याचा 5 नंबर फलाट रुंद करायला मध्य रेल्वेने 63 तासांचा ब्लॉक घेतला, शेकडो लोकल रद्द झाल्या. ज्याने नाशवंत माल भरून ठेवला असेल, त्याचं काय? म्हणून डिपॉझिट देण्याआधी सकाळ-संध्याकाळ तिथे उभं राहून माणसं मोजा, गाड्या कुठे लागतात ते बघा. आणि शनिवारी माल भरण्याआधी रविवारच्या मेगाब्लॉकची बातमी वाचाच.