बोट दाखवणारा माणूस

'झाडे लावा, झाडे जगवा' हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पण वर्षावन म्हणजे काय, ते का तुटतं आणि कोण तोडतं, हे सांगायला घोषणा पुरत नाही. त्याला चित्रांचं पुस्तकच लागतं. अक्षरओळख नसलेलं मूलसुद्धा चित्र वाचतं, आणि एकच पुस्तक दहा वेळा मागतं. (आपण एक चॅप्टर दोनदा तरी वाचतो का?)

कॉन्व्हेंटच्या लायब्ररीत माझ्या वाट्याला आलेलं असं पुस्तक म्हणजे लिन चेरी यांचं 'द ग्रेट कापोक ट्री' (१९९०). ॲमेझॉनच्या जंगलात दोन माणसं येतात. धिप्पाड माणूस एका प्रचंड कापोक झाडाकडे बोट दाखवतो आणि निघून जातो. दुसरा कुऱ्हाड चालवू लागतो, दमतो आणि झाडाखालीच झोपतो. मग अजगर, माकडं, जॅग्वार, स्लॉथ आणि तिथल्या यानोमामो जमातीचं एक मूल, सगळे त्याच्या कानात कुजबुजतात की, हे झाड आमचं घर आहे. तो जागा होतो, कुऱ्हाड टाकतो, चालू लागतो. अप्रतिम चित्रं! मुलांना पुस्तक आवडणारच.

पण मित्रांनो, तो बोट दाखवणारा माणूस कुठे गेला? तो परत येतच नाही. उद्या तो दुसरा कुऱ्हाडवाला घेऊन येईल, त्याचं काय?

हे पुस्तक चिको मेंडिस यांच्या स्मृतीस अर्पण केलेलं आहे. ब्राझीलमधल्या या रबर गोळा करणाऱ्या कामगार पुढाऱ्याचा १९८८ मध्ये खून झाला, आणि त्यासाठी एक मोठा पशुपालक जमीनदार आणि त्याचा मुलगा दोषी ठरले. ॲमेझॉनचं सर्वांत जास्त जंगल गेलंय ते गुरांच्या कुरणांपायी. म्हणजे बोट दाखवणारा अर्पणपत्रिकेमागे दडलाय, गोष्टीत मात्र नाही! मग मूल शिकतं काय? दोष कुऱ्हाडवाल्या गरीब मजुराचा.

कुणी म्हणेल, एवढ्याशा पोरांना हे कशाला? अहो, रावण आणि पूतना त्यांना चालतात की! कोण, कुणाच्या सांगण्यावरून, कशासाठी, हे प्रश्न मुलं आपल्यापेक्षा सरळ विचारतात.

वर्षावनासाठी ब्राझीललाच जायला हवं असंही नाही. आपल्या सह्याद्रीत सदाहरित जंगल आहे, शेकरू आहे, धनेश आहे. केरळात सायलेंट व्हॅलीत धरण होणार होतं. 'केरळ शास्त्र साहित्य परिषद' या संस्थेने १९७९ मध्ये त्या प्रकल्पाचा हिशेब मांडणारा अहवाल काढला. तो लिहिणाऱ्यांत इंजिनिअरही होते! १९८३ मध्ये प्रकल्प रद्द झाला आणि १९८४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. यात सिंहपुच्छ माकड आहे, नदी आहे, वीज हवी असलेली माणसं आहेत, आणि बोट दाखवण्याआधी विचार करणारी माणसंही आहेत. चित्रांच्या पुस्तकाला आणखी काय हवं?

वीज नकोच, धरण नकोच असं मला म्हणायचं नाही. कोयनेची वीज आपण सगळेच वापरतो. पण गोष्ट सांगायची तर पूर्ण सांगावी. एन.एस.एस.च्या कॅम्पला आपण खेड्यातल्या शाळेत जातोच. या वेळी घोषणांचे बोर्ड रंगवण्याऐवजी बारा पानांचं एक पुस्तक करून नेऊ या. ड्रॉइंगच्या शीट काढून काढून हात बसलाय, तो कधी कामाला येणार?

आणि एक लक्षात ठेवा. कुऱ्हाड बहुधा आपल्या हातात कधीच येणार नाही. पण डिग्री घेऊन साइटवर उभं राहिल्यावर, नकाशा उलगडून 'इथून रस्ता काढा' असं म्हणत बोट दाखवणारे आपणच असू. तेव्हा आपल्या कानात कोण कुजबुजणार?

बघा, पटतंय का!