तेरा अक्षरांचं नाव

पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत मूर्तीच्या घडणीला नावं असतात. गिऱ्हाईक ‘दोन फुटी दगडूशेठ’ किंवा ‘दीड फुटी लालबाग’ मागतं आणि कारखानदाराला बैठक, मुकुट, सोंडेचा बाक सगळं एका शब्दात कळतं. यातले दगडूशेठ म्हणजे पुण्यातले मिठाईचे व्यापारी, हाडामासाचा माणूस. त्यांचं नाव त्यांच्या गणपतीला मिळालं आणि तिथून पेणच्या साच्याला. याच तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी भाव्यांच्या घरी मुलगा झाला, तेव्हा नाव उलट्या वाटेनं आलं. देवाचं नाव माणसाला मिळालं, विनायक. त्याआधी बारा वर्षं नाशिकजवळच्या भगूरला सावरकरांच्या घरीही विनायकच ठेवलं होतं. विचारांनी इतके दूरचे दोन विनायक एकाच काळात वावरले, पण त्यांची सरमिसळ कधी झाली नाही. एक विनायक नरहरी, दुसरे विनायक दामोदर. पुढे गांधीजींच्या आश्रमात नरहरींचा विनायक ‘विनोबा’ झाला, तेव्हा तर प्रश्नच उरला नाही.

इंग्लंडमध्ये याच्या नेमकं उलट घडलं. जेथ्रो टल नावाच्या शेतकऱ्यानं १७०१ च्या सुमारास घोड्यानं ओढायचं बियाणं पेरणीचं यंत्र तयार केलं. आपल्याकडे घाटावर पाभर करते तेच काम. १९६०च्या दशकाच्या अखेरीस एका रॉक बँडनं हे नाव घेतलं आणि आज ‘जेथ्रो टल’ म्हटलं की बहुतेकांना बासरीवाला बँड आठवतो, पेरणी आठवत नाही. त्याच सुमाराच्या दुसऱ्या बँडनं डिकन्सच्या कादंबरीतल्या युराया हीप या पात्राचं नाव उचललं. तिथे असं पूर्ण नाव एका माणसाचं किंवा एका पात्राचं म्हणून ओळखलं जातं. दुसऱ्यानं ते घेतलं की पहिला झाकला जातो. मराठीत विनायक, चिंतामण, पांडुरंग ही नावं मुळातच सामायिक. ती गावच्या पाणवठ्यासारखी आहेत, कुणीही घागर भरावी. म्हणून नाव सारखं असण्याची तक्रार मराठी माणसानं करू नये असं मला वाटतं. माझी तक्रार वेगळी आहे. ओळख पटवण्याची सोय आपल्या पद्धतीत होती, वडिलांचं नाव मधे लावण्याची. ती आपण आद्याक्षरांच्या हव्यासापायी मोडली.

रोह्याकडे पाहा. ‘सी. डी. देशमुख’ हे नाव तिथे अभिमानानं घेतलं जातं, आणि घ्यायलाच हवं. १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी जन्म, बालपण रोह्यात, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारा माणूस. याच माणसानं ‘मेघदूत’ मराठीत आणलं. पण सी. डी. देशमुख आणखी एक होते. नागपूरला तत्त्वज्ञान शिकवणारे चक्रधर धरणीधर देशमुख, मेहेरबाबांच्या प्रवचनांचे संपादक. दोघांच्याही मागे ‘डॉ.’ लागतं. ग्रंथालयाच्या यादीत ‘डॉ. सी. डी. देशमुख’ एवढंच लिहिलं, तर अर्थशास्त्र आणि अध्यात्म एकाच खात्यात जमा होणार. ‘चिंतामण द्वारकानाथ’ लिहा, घोळ संपला. शिवाय वडील द्वारकानाथ गणेश होते हे कळलं की आजोबा गणेश आणि नातू चिंतामण, म्हणजे घरात एकाच देवाची दोन नावं, हेही दिसतं. ‘सी. डी.’मध्ये हे काहीच दिसत नाही.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा की, मधलं नावही जुळतंच. खरं आहे. महाभारताचे अभ्यासक वैद्य आणि चिमणरावाचे जनक जोशी दोघेही चिंतामण विनायक, दोघेही ‘चिं. वि.’. पण तिथे आडनाव वेगळं आहे, म्हणून निभावतं. तिन्ही नावं जुळणारी माणसं विरळा, तिथे गाव जोडावं. दुसरा आक्षेप मायेचा आहे. लोकांनी प्रेमानं दिलेलं नावच खरं नाव, असं म्हणतात. रोह्यात १९२० साली जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले लाखो स्वाध्यायींचे ‘दादा’ झाले, पांडुरंग सदाशिव साने ‘गुरुजी’ झाले, पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. ही माया मी नाकारत नाही. बोलताना दादाच म्हणावं. पण ‘दादा’ घरोघरी असतात, आणि पन्नास वर्षांनी पाटी वाचणाऱ्या मुलाला कुठले दादा हे सांगायला घरातलं कुणी शेजारी उभं असेलच असं नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ओळखीसाठी वडीलच का? आईचं नाव कुठे गेलं? हा सवाल रास्त आहे आणि उशिरा का होईना, राज्य सरकारनं त्याची दखल घेतली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. यानं माझं म्हणणं खोडलं जात नाही, उलट बळकट होतं. मधली जागा रुंद होते, माणूस अधिक नेमका होतो. विनोबांच्या आईचं, रुक्मिणीबाईंचं नाव गागोद्याच्या एखाद्या फलकावर त्यांच्या नावाला लागून आलं, तर त्यात इतिहासाची भरच पडेल. आईच्या भक्तीचा आपल्यावरचा संस्कार विनोबा स्वतः आयुष्यभर सांगत राहिले.

म्हणून पेण आणि रोह्यातल्या नगरपालिकांना, शाळांना, वाचनालयांना आणि उत्सव मंडळांना विनंती आहे. पुढच्या वेळी पाटी रंगवायला द्याल, तेव्हा आद्याक्षरं देऊ नका, पूर्ण नाव द्या आणि खाली गाव लिहा. जागा पुरत नाही ही सबब चालणार नाही. ‘विनायक नरहरी भावे’ ही दहा अक्षरं आहेत. ‘चिंतामण द्वारकानाथ देशमुख’ ही तेरा.